रेघेवरची निपाणी

सीमाप्रश्न म्हटला की आपल्याकडे सगळ्यांना बेळगाव आठवते. निपाणीचे नाव येते ते घोषणेतल्या ओळीत, कारवार, बीदर, भालकी यांच्या जोडीला. मला मात्र सीमाप्रश्न म्हटले की निपाणीच आठवते, कारण आमची आक्का तिथे दिलेली आहे. १९६७च्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. मी तेव्हा शाळकरी होतो. तेव्हापासून आजवर किती वेळा गेलो त्याचा हिशेब नाही. पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागलो. पाठ्यपुस्तकात भाषावार प्रांतरचना एका पानात संपते. ते पान शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी आक्काच्या घराची गल्ली असायची. आज त्या गावाविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे मनात आहे.

निपाणी पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूरच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. कोल्हापूर सोडले की कागल, मग दूधगंगा, मग कोगनोळीचा नाका आणि थोड्याच वेळात निपाणी. पलीकडे स्तवनिधी हे जैनांचे जुने क्षेत्र आणि तवंदीचा घाट. जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. तालुका पूर्वी चिकोडी होता, २०१८ पासून निपाणी स्वतःच तालुक्याचे गाव झाले. रेल्वे नाही. जे काही आले-गेले ते रस्त्यानेच.

आता ही राज्याची सीमा नेमकी तिथेच का आली, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडत असे. भाषा म्हणाल तर कागलच्या बाजारात आणि निपाणीच्या बाजारात ऐकू येणाऱ्या बोलीत काही फरक नाही. दोन्हीकडे तीच कोल्हापुरी ठसक्याची मराठी. डोंगर आडवा नाही. नदी आहे, पण ती काही गंगा-यमुना नव्हे. उत्तर जुन्या नकाशात सापडते. पेशवाईच्या अखेरच्या काळात निपाणी सिद्धोजीराव नाईक निंबाळकर यांच्याकडे होती. आप्पासाहेब निपाणकर देसाई म्हणून ते प्रसिद्ध. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात त्यांचे वजन होते, सरलष्कर हा किताब होता, आणि कोल्हापूरकर छत्रपतींशी त्यांचे हाडवैर होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तरी त्यांचा बराचसा मुलूख राहिला. १८३९ मध्ये ते वारले, आणि मग निपाणी खालसा होऊन इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात गेली. कागल मात्र कोल्हापूर संस्थानातील घाटग्यांची जहागीर म्हणून राहिली. म्हणजे निपाणी आणि कागल यांच्यामध्ये एक रेघ तेव्हापासूनच होती. अलीकडे संस्थान, पलीकडे इंग्रजी अंमल.

पण त्या रेघेने कुणाचे काही अडत नव्हते. सोयरिकी दोन्हीकडे होत, बैल-बाजार दोन्हीकडे भरत. संस्थानात आणि इंग्रजी मुलखात कायदे वेगळे असल्याने काहींची सोयच होत असे! १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जिल्हे अख्खेच्या अख्खे उचलून इकडून तिकडे ठेवले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून म्हैसूर राज्यात गेला, आणि कोल्हापूर जिल्हा मुंबई राज्यात राहिला. निपाणकर आणि कोल्हापूरकर यांच्या भांडणातून आणि इंग्रजांच्या खालसा धोरणातून पडलेली रेघ दोन भाषांची सीमा म्हणून नकाशावर आली. भाषेच्या नावाने काढलेली सीमा भाषा न विचारता निघाली, ती अशी.

लोकांनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. जानेवारी १९५६ मध्ये केंद्राचा निर्णय जाहीर होताच बेळगाव-निपाणी भागात असंतोष उसळला. सीमाभागात १७ जानेवारी हा दिवस अजूनही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते यांचे नाव आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या दिवशी निपाणी अजून मुंबई राज्यातच होती. पोलीसही मुंबई राज्याचेच होते. पुढे १९५७च्या निवडणुकीपासून महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार निवडून देणे हे निपाणीकरांचे जणू व्रतच झाले. कित्येक निवडणुका त्यांनी असे मत दिले. विधानसभेत जायचे ते बंगळूरला, आणि तिथे जाऊन सांगायचे की आम्हाला इथे राहायचे नाही! जगाच्या इतिहासात अशी आमदारकी फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल.

आक्काचे लग्न झाले तेव्हा महाजन आयोगाचे काम चालू होते. सेनापती बापटांनी १९६६ मध्ये उपोषण केले, त्यानंतर केंद्राने हा आयोग नेमला होता. मला आठवते, आमच्या वडिलांना मुलगी दुसऱ्या राज्यात द्यायची म्हणून जरा काळजी होती. तेव्हा आक्काचे सासरे म्हणाले होते, "पावणं, पोरगी परराज्यात देतोय असं मनात आणू नका. वर्षभरात आमीच येतो तुमच्याकडं." त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. त्याच वर्षी आयोगाचा अहवाल आला. त्यात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले होते. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले होते, आणि आपल्याकडची जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातील २४७ गावे म्हैसूरला द्यावीत अशी शिफारस होती.

महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. बेळगाव नाही तर काही नाही. तत्त्व म्हणून पाहिले तर महाराष्ट्राची बाजू लंगडी नव्हती. खेडे हा घटक धरावा, भौगोलिक सलगता पाहावी आणि जिकडे भाषिक बहुमत तिकडे ते खेडे द्यावे, अशी मागणी होती. हे सूत्र आयोगाने सगळीकडे सारखे लावले नाही, असा महाराष्ट्राचा आक्षेप. म्हैसूरने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, मात्र अहवाल जसाच्या तसा स्वीकारू असे म्हटले. या ओढाताणीत अहवाल कपाटात गेला आणि निपाणी होती तिथेच राहिली. जी महाराष्ट्राला द्यावी असे आयोगानेच लिहिले होते, ती निपाणी!

आक्काचे सासरे पुढे बरीच वर्षे होते. मी एकदा त्यांना याविषयी विचारले. ते म्हणाले, "मास्तर, पंगतीत आमचं पान वाढलं होतं. पण बाकीची बसल्याशिवाय हात कसा लावायचा? थांबलो. पान तसंच निवलं." या बोलण्यात राग नव्हता. बेळगावला सोडून आपण एकटे जावे असे निपाणीत कुणाला वाटत होते, असेही मी कधी ऐकले नाही. पण पान निवले हेही खरेच होते. सीमालढ्याची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत निपाणीच्या या थांबण्याची नोंद फारशी कुणी घेतल्याचे आठवत नाही, म्हणून इथे ती करून ठेवतो.

रेघेवर राहणारी माणसे रडत बसत नाहीत, वाट काढतात. याचे उत्तम उदाहरण म्हणजे देवचंद कॉलेज. निपाणीतल्या मुलांना मराठी मुलखातल्या विद्यापीठाची पदवी मिळावी, पण घरून चालत जाऊन शिकता यावे, असे दोन्ही कसे जमायचे? कॉलेज उभे राहिले ते गावाला लागून असलेल्या अर्जुननगरला. अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात. मुले सकाळी कर्नाटकातल्या घरातून निघत, महाराष्ट्रात तास करत आणि दुपारी जेवायला पुन्हा कर्नाटकात येत. कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. माझे दोन्ही भाचे तिथेच शिकले. पत्ता लिहिताना मात्र 'अर्जुननगर' लिहून पुढे कंसात 'निपाणी' लिहावे लागे.

आता निपाणीच्या खऱ्या धन्याविषयी, म्हणजे तंबाखूविषयी लिहायला हवे. गुजरातेतला चरोतर आणि आपल्याकडची निपाणी, बिडीच्या तंबाखूची ही दोन मोठी नावे. पावसाळ्यात रोप लावायचे, थंडीत काढणी, मग वाळवून, चुरून माल वखारीत. पूर्वी उन्हाळ्यात गावात शिरले की पहिली शिंक यायची ती वेशीतच. तंबाखूने निपाणीत पैसा आणला, माड्या उभ्या केल्या, व्यापारी आणले. पण वखारीत तो तंबाखू चाळणाऱ्या, कांडणाऱ्या बायका दिवसभर त्या धुळीत बसत. नाकातोंडाला पदर बांधून काम, खोकला, चक्कर, आणि हातावर पडायची ती तुटपुंजी मजुरी. घरोघरी बिड्या वळणाऱ्या बायका वेगळ्याच. त्यांच्या टेंभुर्णीच्या पानांतली वाईट म्हणून बाजूला काढलेली पाने आणि त्यापोटी कापलेले पैसे हा रोजचा तंटा असे.

या बायका १९८०च्या आसपास प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या. चिकोडी तालुका कामगार महासंघ हे त्यांच्या संघटनेचे नाव. वखारींपुढे बायकांचे मोर्चे निघाले. त्यांत मराठी बोलणाऱ्या होत्या, कानडी बोलणाऱ्या होत्या, उर्दू बोलणाऱ्या होत्या. 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने आणि दिग्दर्शिका दीपा धनराज यांनी या लढ्यावर एक लघुपट केला. तो १९८२ मध्ये तयार झाला. बायका त्यात स्वतःच आपली कहाणी सांगतात. त्या बायकांतल्या एकीला मी ओळखत असे, आक्काच्या शेजारची. ती म्हणायची, "मालकानं पगार वाढवला तवा कुटल्या राज्यात हाय ते इचारलं न्हाई, आन् आमी बी सांगितलं न्हाई."

त्याच सुमारास तंबाखू पिकवणारा शेतकरीही पेटला. भाव व्यापारी ठरवी, वजनात आणि प्रतवारीत पुन्हा वेगळी मारामार. शेतकरी संघटनेचे शरद जोशी निपाणीला आले. हे आपल्या सातारचेच, जन्म १९३५चा. मार्च १९८१ मध्ये हजारो शेतकरी बैलगाड्या घेऊन राष्ट्रीय महामार्गावर येऊन बसले आणि तीन आठवडे तिथेच राहिले. रस्त्यावरच चुली, रस्त्यावरच भजने, सभा. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी पुढाऱ्यांना पकडले, जमावावर लाठ्या चालवल्या आणि मग गोळीबार केला. दहाहून अधिक शेतकरी ठार झाले. त्या वेळी कर्नाटकात गुंडूराव मुख्यमंत्री होते.

मी या दोन लढ्यांचा विचार पुष्कळदा केला आहे. निपाणी राज्यासाठी लढली, ते जगाला माहीत आहे. पण निपाणी मजुरीसाठी आणि भावासाठीही लढली, आणि त्या लढ्यांत भाषा आडवी आली नाही. याचा अर्थ भाषेचा प्रश्न खोटा, असा कुणी काढू नये. माणसाला पोट असते तशी जीभही असते. एकीची मागणी केली म्हणून दुसरीची सोडून द्यावी, असे काही नाही. याच गावात एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत परिषदेसाठी आले होते. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न नव्हता. गावातल्या ज्या माणसांना पाणवठ्याची रेघ ओलांडता येत नव्हती, त्यांच्यासाठी ती परिषद होती. तेव्हा निपाणीतल्या रेघा मोजायच्या तर राज्याची रेघ ही त्यांतली एकच, हे विसरता येत नाही.

रोजच्या जगण्यात रेघेच्या गमतीही खूप. कित्येक वर्षे कर्नाटकात पेट्रोल स्वस्त, म्हणून कागलकडची वाहने कोगनोळीला जाऊन टाकी भरत. २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये तिथल्या बायकांना राज्यातल्या राज्यात तिकीट नाही, आणि महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धे तिकीट. निपाणीच्या स्टँडवर दोन्ही गाड्या शेजारी लागतात. आक्का आता ऐंशीच्या घरात आहे. ती म्हणते, "चिकोडीला जायचं तर फुकट, माहेराला यायचं तर पैसे!" जवळच्या आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची यात्रा भरते. तिथे भाकणूक होते. पाऊसपाणी कसे, पीक कसे, राज्यकर्त्यांचे काय होणार, हे सारे देवाच्या नावाने सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत छापून येते. गाव कर्नाटकात, भाकणूक मराठीत, ऐकायला दोन्ही राज्यांची माणसे. तंबाखू मागे हटून ऊस वाढला तेव्हा निपाणीच्या साखर कारखान्यालाही हालसिद्धनाथाचेच नाव दिले.

पण गंमत नेहमी राहत नाही. २०२१ मध्ये करोनाच्या काळात कोगनोळीला तपासणीचे प्रमाणपत्र असल्याशिवाय पलीकडे सोडत नव्हते. आक्काच्या घरातले एक मोठे आजारपण त्याच दिवसांत आले. फोनवर बोलण्यापलीकडे आम्हाला काही करता आले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये, पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये वातावरण तापले, गाड्यांना काळे फासले गेले आणि बससेवा काही दिवस थांबली. अशा वेळी रेघ नकाशातून उठून दारात येऊन उभी राहते.

युरोपातल्या एका गावाविषयी वाचले तेव्हा मला निपाणी आठवली. जर्मनीच्या पूर्व टोकाला ग्योर्लिट्झ नावाचे शहर आहे. मधून नाइसे नदी वाहते. १९४५ मध्ये महायुद्ध संपले आणि नदी हीच सीमा ठरली. पूर्वेचा भाग पोलंडमध्ये गेला, त्याचे नाव झ्गोझेलेत्स झाले. तिथल्या जर्मनांना घरे सोडून अलीकडे यावे लागले आणि त्यांच्या जागी पोलिश माणसे वसवली गेली. नदीवरचा जुन्या गावचा पूल युद्धात पडला होता. तो पादचाऱ्यांसाठी पुन्हा बांधला गेला २००४ मध्ये, आणि २००७च्या डिसेंबरात नाक्यावरची तपासणी बंद झाली. २०२३ मध्ये जर्मनीने ती पुन्हा सुरू केली, तो भाग वेगळा. तिथे रेघेसाठी माणसे हलवली. आपल्याकडे माणसे जागच्या जागी राहिली, रेघच येऊन बसली. यांतले बरे कोणते म्हणायचे? माणसे हलली नाहीत हे भाग्यच. पण जागच्या जागी परके होणे हेही सोपे नसते. सातबारा कानडीत, नोटीस कानडीत, नोकरीची परीक्षा कानडीत. आक्काच्या घरातील तिसरी पिढी कानडी उत्तम लिहिते, घरात मराठी बोलते, आणि मराठी वाचायला मात्र कंटाळा करते.

आणि आता आपल्या घरचे. आमच्या कुपवाडपासून जत तालुका काही लांब नाही. जतच्या पूर्व भागात कानडी बोलणारी गावेच्या गावे आहेत आणि आपल्या सांगली जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा तिथे चालतात. पाणी मिळेना म्हणून २०१२ मध्ये तिथल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तोच धागा पकडला, तेव्हा आपल्याकडे धावपळ झाली आणि म्हैसाळ योजनेच्या विस्ताराचा प्रश्न पुढे आला. निपाणीच्या मराठी मुलाला जे मिळावे असे मला वाटते, ते जतच्या कानडी मुलाला आपण देतो का? त्याच्या शाळेत शिक्षक पुरेसे आहेत का, पुस्तके वेळेवर पोचतात का? इतिहासाच्या तासाला मी मुलांना हा प्रश्न घालत असे. वर्गात एक-दोन तरी मुले घरी कानडी बोलणारी असतच. ती मान वर करून ऐकत.

महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. ८६५ गावांचा तो दावा अजून निकाली निघालेला नाही. तो लढवावा, नेटाने लढवावा, असेच माझे मत आहे. सनदशीर मार्ग सोडून चालणार नाही, आणि ज्यांनी इतकी वर्षे मत देऊन, मार खाऊन आपले म्हणणे सांगितले त्यांचे उत्तर देणे लागतो. पण निकालाची वाट पाहत आणखी एक पिढी घालवू नये. आपल्या घटनेत १९५६ मध्येच कलम ३५० अ घातले गेले. अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. जिथे अल्पसंख्य भाषा बोलणारे शेकडा पंधरा किंवा अधिक आहेत तिथे सरकारी नोटिसा त्या भाषेतही द्याव्यात, असेही केंद्राचे जुने धोरण आहे. यासाठी रेघ इंचभरही हलवावी लागत नाही. निपाणीत मराठीतून सातबारा आणि जतेत कानडीतून नोटीस, दोन्ही सरकारांनी मनात आणले तर हे होऊ शकते.

परवा फोनवर आक्काला विचारले, आता काय वाटते, निपाणी महाराष्ट्रात यावी का? ती म्हणाली, "यावी की. पण आदी नातवंडाला सांग, मला पत्र मराठीत लिही म्हणावं." आमचा तो नातू बंगळूरला नोकरीला आहे. मी त्याला निरोप दिला. त्याने पाठवले ते इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी. आक्काने ते शेजारच्या पोरीकडून वाचून घेतले आणि चालेल म्हणाली.

असो.